काजव्यांचं कंपोझिट : फ्रेम निवडीपर्यंत पोचलो

भंडारदऱ्याच्या काजव्यांचं कंपोझिट, म्हणजे एकाच झाडाचे अनेक फोटो एकत्र करून बनवायचं एक चित्र, आता फोटो निवडण्यावर आलंय. घाटघरच्या वाटेवरचं एकच सादड्याचं झाड, ट्रायपॉड जागचा हललेला नाही, ३० सेकंदांचं एक्स्पोजर, एफ २.८, आयएसओ १६००. अशा फ्रेमचा ढीग हार्ड डिस्कवर पडलाय. त्यातल्या नेमक्या कुठल्या घ्यायच्या, यावर सगळं ठरतं.

सगळ्या फ्रेम 'लायटन' मोडमध्ये एकावर एक रचल्या की झाड लखलखतं, हे खरं. पण लायटन प्रत्येक पिक्सेलपाशी सगळ्यात उजळ किंमत उचलतो, मग ती काजव्याची असो की नॉइजची, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणाऱ्या दाणेदार ठिपक्यांची. फ्रेम वाढतील तशा सावल्या करड्या होतात, खोडाचा काळेपणा जातो. त्यामुळे फ्रेम मोजक्या हव्यात आणि प्रत्येकीने चित्रात काहीतरी नवं आणायला हवं.

पहिली चाळणी लाइटरूम या फोटो निवडायच्या-सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये. कॅप्स लॉक चालू ठेवून पी (ठेवायचा) किंवा एक्स (बाद) दाबलं की पुढचा फोटो आपोआप समोर येतो. या फेरीत फक्त बाद फ्रेम हुडकायच्या: गाडीच्या हेडलाइटचा झोत, कुणीतरी लावलेली बॅटरी, वाऱ्याने डोललेल्या फांद्या. विमानाची रेघ असेल तर मी फ्रेम टाकत नाही, मास्कने, म्हणजे फोटोचा नको तो भाग लपवून, ती झाकता येते.

दुसरी चाळणी फोटोशॉपमध्ये, आणि खरी मजा इथेच आहे. उरलेल्या फ्रेम 'लोड फाइल्स इनटू स्टॅक'ने घ्यायच्या, त्या सगळ्यांचा मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा आणि स्टॅक मोड 'मीडियन' ठेवायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलपाशी सगळ्या फ्रेममधली मधली किंमत घेतली जाते. एखादा काजवा एका जागी थोड्याच फ्रेममध्ये चमकलेला असतो, म्हणून मीडियनमध्ये तो गायब होतो. नॉइजही बराच उतरतो. हातात येतं ते काजव्यांशिवायचं स्वच्छ झाड. हा झाला पाया.

त्यावर एकेक फ्रेम 'डिफरन्स'मध्ये, म्हणजे दोन चित्रांतला फक्त फरक दाखवणाऱ्या मोडमध्ये, ठेवून बघा. सगळं काळं होतं आणि फक्त काजवे उरतात. कालच्या एका फ्रेममध्ये खोडाच्या डाव्या बाजूने एकच काजवा वर उडत गेलेला दिसला: हिरवट-पिवळ्या ठिपक्यांची रांग, प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा किंचित वर. साध्या थंबनेलमध्ये ही फ्रेम रिकामी वाटत होती. ती ठेवली. शेंड्याकडे नुसता दाट पुंजका असलेल्या फ्रेम मात्र बऱ्याच होत्या, त्यातल्या दोन-तीनच घेतल्या.

निवडलेली प्रत्येक फ्रेम म्हणजे एकावर एक ठेवलेला एक थर, एक लेअर. लेअर वाढले की हवा तो शोधणं जिकिरीचं होतं. मूव्ह टूल घेऊन कंट्रोल-क्लिक करण्याची आपली नेहमीची सवय इथे कामाची नाही, कारण प्रत्येक लेअर पूर्ण कॅनव्हासभर आहे आणि दर वेळी सगळ्यात वरचाच निवडला जातो. म्हणून मी लेअरना रंग दिलेत: खोडाजवळचे काजवे हिरवा, शेंड्याचे पिवळा, गवतातले लाल. पॅनेलच्या वरच्या फिल्टरमध्ये रंग निवडला की तेवढेच लेअर दिसतात. लेअरची नावं अजिबात बदलत नाही. स्टॅक करताना फाइलचं नावच लेअरला मिळतं, त्यामुळे कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल लगेच सापडते. आणि लेअरशेजारच्या डोळ्याच्या चिन्हांच्या रांगेवरून माउस खाली ओढत नेला की सगळे लेअर एका दमात बंद होतात.

फोटोशॉपऐवजी जिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: 'ओपन अ‍ॅज लेअर्स', 'लायटन ओन्ली', 'डिफरन्स' आणि लेअरचे रंग तिथेही आहेत. पाया म्हणून सगळ्यात कमी काजव्यांची फ्रेम धरा.

आकाश अजून बाकी आहे. तारे तासाला १५ अंश सरकतात, त्यामुळे लायटनमध्ये त्यांच्या रेघा होतात आणि मला या चित्रात त्या नकोत. आकाश एकाच फ्रेममधून घेणार आहे. ब्लू चॅनलची (फोटोतल्या फक्त निळ्या रंगाच्या भागाची) प्रत घेऊन, कॉन्ट्रास्ट ताणून पानांच्या कडांचा मास्क करतोय. वरच्या विरळ फांद्यांपाशी तो अजून फाटतोय, तिथे बारीक ब्रशने हाताने भरावं लागेल असं दिसतंय.