पिनकोडाच्या कुंपणापलीकडची मुंबई : संग्रहालयाच्या प्रदर्शनात काम पाठवतानाचा माझा अनुभव

मुंबईत काम करणाऱ्या समकालीन कलावंतांचा आढावा घेणारे एक मोठे प्रदर्शन शहरातील एका संग्रहालयाने भरवले आणि त्यासाठी माझे एक काम निवडले गेले. संग्रहालयाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने कुठेही घडू शकते. निवड, काम पूर्ण करणे आणि प्रत्यक्ष मांडणी हे सारे बरेचसे सुरळीत पार पडले. सगळे अडले ते अर्जातील एका रकान्यापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. पहिल्यांदाच अशा प्रदर्शनात भाग घेणाऱ्या तरुण कलावंतांनी निदान कागदपत्रांची तयारी आधीपासून ठेवावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला किंवा राज्य कला प्रदर्शनाला आपण स्वतः प्रवेशिका भरतो, शुल्क भरतो आणि निकालाची वाट पाहतो. संग्रहालयाच्या आढावा-प्रदर्शनाची रीत वेगळी असते. तिथे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी आणि निवड करणारे, वर्ष-दोन वर्षे कलावंतांच्या स्टुडिओंमध्ये फिरतात, कामे पाहतात, बोलतात आणि यादी तयार करतात. न्यूयॉर्कमध्ये मोमा पीएसवन २००० सालापासून साधारण पाच-पाच वर्षांनी, आणि लॉस एंजेलिसमध्ये हॅमर म्युझियम २०१२ पासून साधारण दोन-दोन वर्षांनी, आपापल्या शहरातल्या कलावंतांचे असे प्रदर्शन भरवतात. मुंबईच्या वाट्याला असा आढावा फार वेळा आलेला नाही. लंडनच्या टेट मॉडर्नने २००१ मध्ये नऊ महानगरांवर जे प्रदर्शन केले, त्यातील १९९२ ते २००१ या काळातल्या मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशीष राजाध्यक्ष यांनी रचला होता. त्याची वर्णने आम्ही जे.जे.मध्ये शिकत असताना वाचली होती. त्यामुळे आपल्याच शहरातले संग्रहालय असा घाट घालते आहे म्हटल्यावर मला मनापासून आनंद झाला होता.

मी राहते मुलुंडला आणि काम करते भिवंडीला. मुलुंडच्या दोन खोल्यांत कॅनव्हास ताणता येत नाही, वेल्डिंग तर दूरच राहिले, आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत पोटमाळ्यासह गाळा भाड्याने घेणे माझ्यासारख्या शिकवण्या करून पोट भरणाऱ्या व्यक्तीला परवडत नाही. शिवाय माझे साहित्यच भिवंडीत मिळते. बंद पडलेल्या यंत्रमागांचे धोटे (आडवा धागा नेणारी साधने), कांड्या, तुटक्या फण्या आणि डागाळलेले कोरे कापड यांपासून मी रचना करते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसाड होत गेले आणि कापडाचे बरेचसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले. त्यामुळे मुंबईच्या कापडाची गोष्ट सांगायची, तर भिवंडीत बसूनच ती सांगावी लागते, असे माझे मत आहे. क्युरेटर बाई गाळ्यावर आल्या, शेजारच्या मागांच्या खडखडाटात दोन तास बसल्या, आणि छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी धोट्यांची रचना त्यांनी तिथेच निश्चित केली. काम कुठे घडते हे पाहूनच ते निवडले गेले होते, हे इथे लक्षात ठेवावे.

त्यानंतर संग्रहालयाच्या नोंदणी विभागाकडून ऑनलाइन अर्ज आला. नाव, शिक्षण, माध्यम आणि मोजमापे भरून झाली (मोजमापे उंची, रुंदी, खोली याच क्रमाने द्यावीत, नाहीतर क्रेट, म्हणजे काम पाठवायची पेटी, आडवी बनून येते). मग आला ‘कामाच्या जागेचा पत्ता’ हा रकाना. त्यात ४२१३०२ हा पिनकोड भरताच, मुंबईतील पिनकोड भरावा अशी लाल अक्षरांतली सूचना आली आणि अर्ज पुढे सरकेना. ज्या कोणी हा अर्ज तयार केला, त्याने मुंबई म्हणजे ४०० ने सुरू होणारा पिनकोड अशी सोपी व्याख्या करून टाकली होती. या व्याख्येची गंमत अशी की ठाण्याचा ४००६०१ चालतो, वाशीचा ४००७०३ चालतो, खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात असलेल्या उरणचा ४००७०२ देखील चालतो, कारण त्यांचीही सुरुवात ४०० ने होते. दहिसर ओलांडून लगेच लागणारा मीरा रोड मात्र ४०१ मध्ये पडतो आणि बाहेर राहतो. वसई-विरार बाहेर, डोंबिवली-कल्याण बाहेर आणि भिवंडीही बाहेर. टपाल खात्याने पत्रे वाटण्यासाठी पाडलेल्या विभागांवरून कोण मुंबईचा कलावंत आणि कोण नाही, हे ठरत होते.

नोंदणी विभागात फोन केला, तेव्हा अत्यंत नम्र आवाजात सल्ला मिळाला, ‘‘मॅडम, तुम्ही घरचाच पत्ता टाका ना, बाकीचे तसेच करतात.’’ बाकीचे खरोखरच तसे करत होते. वसईला काम करणाऱ्या एका मित्राने सासऱ्यांचा बोरिवलीचा पत्ता दिला होता. पण ज्यांचे काम त्रिमितीय, नाजूक आणि सुट्या भागांचे आहे त्यांनी हा सल्ला मुळीच मानू नये. कामाचा विमा भिंतीपासून भिंतीपर्यंत असतो, म्हणजे आपल्या जागेवरून काम उचलल्यापासून ते तिथे परत येईपर्यंत. त्या विम्याच्या परिशिष्टात काम कुठून उचलले जाणार तो पत्ता लिहिलेला असतो. कागदावर मुलुंड आणि टेम्पो उभा भिवंडीत, अशा स्थितीत माणकोलीच्या खड्ड्यांत क्रेट आदळली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न कोणता विचारील हे सांगायला वकील लागत नाही. मी हे समजावून सांगितले. मुद्दा बरोबर आहे असे मान्य झाले. अर्ज मात्र होता तिथेच राहिला.

मग पुराव्यांची मागणी सुरू झाली. कामाची जागा महापालिका हद्दीबाहेर असल्यास ‘सक्षम पुरावा’ जोडून लेखी विनंती करावी, असे सांगण्यात आले. सक्षम पुरावा म्हणजे नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार, स्वतःच्या नावाचे वीजबिल किंवा गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचा दाखला. आता भिवंडीच्या गाळ्यांचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले काय शक्य आहे हे सांगायला नको. वीजबिल मूळ मागमालकाच्या नावावर होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे. पण हे कलम मालकासमोर वाचून दाखवले, तर दुसऱ्या दिवशी गाळा रिकामा करावा लागतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीची गरज नव्हती, केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असे. त्या सूचनेची पावती मी जोडली. ती गुमास्ता नसल्यामुळे चालणार नाही, असे उत्तर आले. कायद्यानेच काढून टाकलेला कागद हे कार्यालय माझ्याकडे मागत होते.

इथे माझा संयम सुटला, हे नमूद करते. मी एक लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात विचारले की ठाण्यात राहून आयुष्यभर मुंबईच्या कष्टकऱ्यांची चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन मुंबईचे चित्रकार नव्हेत काय, आणि वर्षानुवर्षे मुंबई आणि बस्तर अशा दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या नवज्योत अल्ताफ यांना कोणत्या रकान्यात बसवायचे. पत्र उत्तम उतरले होते, असे मला आजही वाटते. त्याचा परिणाम शून्य झाला. ‘फाईल वर गेली आहे’ एवढेच दर वेळी ऐकू येई. वर कुठे, हे विचारले की साहेब दौऱ्यावर असत.

फाईल हलली ती दोन गोष्टींमुळे, आणि त्यांपैकी एकीतही माझ्या वक्तृत्वाचा वाटा नव्हता. पहिली अशी की आवक-जावक टेबलावरच्या एका वयस्क लिपिकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘ताई, भावना नका लिहू. आधी मंजूर झालेल्या कागदाचा आधार द्या, म्हणजे सही करणाऱ्याची जबाबदारी संपते.’’ मी क्युरेटर बाईंकडून प्रदर्शनाचे मूळ संकल्पना-टिपण मागवले. त्यात पहिल्याच पानावर ‘मुंबई महानगर प्रदेशात काम करणारे कलावंत’ असे स्वच्छ शब्द होते आणि त्या टिपणाला संग्रहालयाच्या समितीची मंजुरी होती. महानगर प्रदेश ही सरकारी संज्ञा आहे. त्यासाठीचे प्राधिकरण १९७५ पासून अस्तित्वात आहे, आणि भिवंडी, कल्याण, वसई-विरार हे सारे त्या प्रदेशात येतात. टिपणाचे ते पान आणि प्रदेशाचा नकाशा जोडून, चार ओळींचा अर्ज करून, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे विमा कंपनीने कामांची आणि पत्त्यांची अंतिम यादी मागितली. यादीत माझ्या कामापुढचा पत्ता कोरा राहिला असता, तर सगळाच विमा लांबला असता. त्याच संध्याकाळी मला कागदी अर्ज हाताने भरून पाठवण्यास सांगणारा ईमेल आला.

त्या निर्णयाची प्रत मी आग्रहाने मागून घेतली आणि बदलापूर, विरार, टिटवाळा इथल्या ज्या ज्या सहकाऱ्यांची नावे यादीत होती त्यांना पाठवली. सासऱ्यांचा पत्ता देणाऱ्या मित्रानेही मग आपला खरा पत्ता कळवला. याचा मला प्रदर्शनात काम लागल्यापेक्षा किंचित जास्तच अभिमान वाटतो.

आता काही सूचना, जशा आठवतील तशा. स्टुडिओ भाड्याचा असेल, तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आजच करून ठेवावी. ती ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही, आणि प्रमाणपत्रावर काम चालते त्या जागेचा पत्ता येतो. माझ्याकडे ती असती, तर निम्मा पत्रव्यवहार वाचला असता. ही गोष्ट मला त्या कार्यालयातून कोणी सुचवली नाही, एका धोटेवाल्याने सुचवली. कामाचे मूल्य लिहिताना भीडेपोटी कमी आकडा लिहू नये, कारण तुटफूट झाल्यास त्या आकड्यापलीकडे काही मिळत नाही. अलीकडच्या विक्रीची पावती असल्यास ती आधाराला ठेवावी. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे कामाच्या स्थितीची नोंद, संग्रहालय करतेच, तरीही आपले काम बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक भागाचे दिवसाउजेडी छायाचित्र काढावे आणि आधीपासून असलेल्या चिरा, डाग, गंज यांची नोंद स्वतः करावी. माझ्या कामातले कापड मुळातच डागाळलेले होते. ते डाग आधीचे आहेत हे लिहून दिले नसते, तर ते काढून टाकण्याची तत्परता कोणीतरी दाखवली असती.

वाहतुकीसाठी विक्रीची पावती न करता, ‘प्रदर्शनासाठी, परत येणार’ असे लिहिलेले डिलिव्हरी चलन सोबत ठेवावे. पूर्वी भिवंडीहून माल आणताना मुलुंडच्या जकात नाक्यावर टेम्पो थांबत असे आणि हे शिल्प आहे की भंगार आहे यावर वाद घालावा लागे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मालासाठी शहराची हद्द तेव्हाच पुसली गेली, अर्ज तयार करणाऱ्यांना ती बातमी पोचायची आहे. लाकूड, सूत, कागद असे साहित्य असेल तर संग्रहालय कीड तपासण्यासाठी काम काही काळ वेगळे ठेवते. तो वेळ आपल्या वेळापत्रकात आधीच धरावा, आणि पावसाळ्यात तर बुरशीसाठी कापड दोनदा तपासावे. कापडाच्या कामावर प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत, म्हणजे मंद ठेवतात. त्यामुळे स्टुडिओत ट्यूबलाइटखाली दिसणारे रंग तिथे दिसणार नाहीत. मांडणीपूर्वी एकदा मंद उजेडात आपले काम पाहून घ्यावे. वरून टांगायचे काम असेल तर वजन, दोऱ्यांची संख्या आणि हुकांमधील अंतर यांचा आराखडा आपणच द्यावा. जुन्या इमारतींच्या छतांना भोके पाडू देत नाहीत आणि मग लोखंडी चौकट उभारण्याचा खर्च कोणी करायचा हा वाद ऐन वेळी निघतो. माझ्या बाबतीत तो खर्च कोणाचा हे करारात आधी लिहून घेतले होते, म्हणून वाद निघाला नाही.

मांडणीचे दिवस फार आनंदाचे होते, पण त्याबद्दल सांगण्यासारखे अडचणीचे काही नाही. कामाशेजारची पाटी छापण्यापूर्वी मात्र मजकूर तपासायला मागावा. माझ्या पाटीच्या पहिल्या मसुद्यात ‘मुंबई येथे वास्तव्य व कार्य’ असे आले होते. मी ‘मुलुंड येथे वास्तव्य, भिवंडी येथे कार्य’ अशी दुरुस्ती पाठवली आणि या वेळी कोणीही पुरावा मागितला नाही.

प्रदर्शन संपल्यावर काम परत येताना पुन्हा तीच कागदपत्रे लागतात, म्हणून संच फेकून देऊ नये. परतीची पोच सही करण्याआधी हमालांना थांबवून ठेवावे, क्रेट उघडावी, छायाचित्रांशी प्रत्येक भाग पडताळावा आणि मगच सही करावी. टेम्पोवाला घाई करतो, त्याला चहा पाजावा.