संगीत ऐकू येते, संवाद येत नाहीत

साताऱ्यात संगणकदुरुस्तीसाठी घरोघरी जाण्याचे माझे ते दिवस होते. पावसाळ्यातल्या एका दुपारी एका निवृत्त शिक्षकांनी बोलावले. सर एकटेच राहत. डीव्हीडीवर चित्रपट लावला की पार्श्वसंगीत खणखणीत वाजे, पात्रांचे बोलणे मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखे पुसट लागे. आवाज वाढवावा, तर संगीताने शेजारी त्रासत. "दोष माझ्या कानांचाच असणार," असे म्हणत त्यांनी डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती.

माझ्याआधी कोणीतरी येऊन डीव्हीडी ड्राइव्हच बदलून गेले होते. तबकडीवरचे चित्र आणि ध्वनी एकाच डेटा केबलमधून संगणकात येतात. चित्र सुरळीत दिसत असताना ड्राइव्हवर संशय घेण्याचे काहीच कारण नव्हते. तक्रार नीट न ऐकता सरांना खर्चात पाडले, याचे मला फार वाईट वाटले.

मी त्यांच्याच कपाटातली एका जुन्या मराठी चित्रपटाची तबकडी लावली. प्रत्येक शब्द स्वच्छ आला आणि सरांनाही तो ऐकू आला. म्हणजे कान ठीक होते. त्या तबकडीवर दोनच वाहिन्यांचा ध्वनी होता; वाहिनी म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा ध्वनी. नव्या चित्रपटांवर डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे सहा वाहिन्या, आणि त्यात संवाद बहुतेक मधल्या वाहिनीवर असतात.

विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ५.१ निवडलेले होते. चाचणीचे बटण दाबले. डावा स्पीकर वाजला, उजवा वाजला. मधल्याची पाळी आली आणि खोलीत फक्त पावसाचा आवाज उरला. संगणकामागे वाकून पाहिले, तर स्पीकर जोडायच्या हिरव्या खाचेत दोन लहान स्पीकरांची पिन होती. मधल्या स्पीकरची नारिंगी आणि मागच्या स्पीकरांची काळी खाच रिकामी. पुतण्याने पूर्वी सहा स्पीकरांचा संच जोडला होता, तो जाताना परत नेला, पण सेटिंग तसेच राहिले, हे तेव्हा सरांना आठवले. बहुतेक संवाद त्या रिकाम्या नारिंगी खाचेकडे जात होते.

मी 'स्टीरिओ', म्हणजे दोनच स्पीकर, निवडले, प्लेअर बंद करून पुन्हा उघडला. आता मधली वाहिनी डाव्या-उजव्या दोन्हींत मिसळू लागली. सरांनी तोच प्रसंग तीनदा मागे नेऊन ऐकला. मग वही काढली, खाचांची आकृती काढून रंग लिहिले आणि ती माझ्याकडून तपासून घेतली.