तुम्ही विचारलंत म्हणून: कॉपी-पेस्ट का नको?

यंत्रांची मॅन्युअल लिहिण्याच्या या कामात नवीन आलेली मुलं मला हमखास विचारतात, “ताई, तोच मजकूर चार मॅन्युअलमध्ये लागतो, तर सरळ कॉपी-पेस्ट करू या की! डिटाचा एवढा खटाटोप कशाला?” डिटा म्हणजे मजकूर छोट्या स्वतंत्र तुकड्यांत (टॉपिकमध्ये) एकदाच लिहून हवा तिथे वापरायची पद्धत.

मीही पूर्वी तेच करत होते. पंपाच्या तीन मॉडेल्ससाठी फिल्टर साफ करायची कृती तीन फायलींत चिकटवलेली होती. पुढे डिझाइनवाल्यांनी ‘आधी लाइनमधला दाब उतरवा’ ही पायरी वाढवली. मी ती दोन फायलींत घातली, तिसरी राहून गेली. सर्व्हिसच्या माणसाने फोन केला तेव्हा कळलं. कुणाला इजा झाली नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

डिटात ती कृती एकाच टास्क टॉपिकमध्ये, म्हणजे कृती सांगणाऱ्या टॉपिकमध्ये असते; तिन्ही मॅन्युअलचे मॅप, म्हणजे टॉपिकच्या याद्या, तोच टॉपिक घेतात. आयबीएममध्ये जन्मलेली ही पद्धत २००५ साली ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली.

पण डिटात टाकला म्हणून टॉपिक कुठेही चालतो असं नाही. माझ्या त्या कृतीची पहिलीच पायरी होती, ‘वर सांगितल्याप्रमाणे झाकण काढा.’ वर म्हणजे कुठे? दुसऱ्या मॅन्युअलमध्ये वर वायरिंग होतं! टॉपिकला आपले शेजारी कोण हे माहीतच नसावं. ‘मागील प्रकरणात’, ‘पुढील आकृतीत’ हे शब्द काढायचे. इतर टॉपिकच्या लिंकसुद्धा आत न ठेवता मॅपमधल्या रिलेशनशिप टेबलात (कोणता टॉपिक कशाशी जोडलाय ते सांगणाऱ्या तक्त्यात) न्यायच्या.

मराठीत आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजी मजकुरावर काम करताना दिसत नाही. उत्पादनाचं नाव बदलतं म्हणून तिथे कीरेफ टाकला, म्हणजे मॅपप्रमाणे वेगळा शब्द भरणारी खूण. एका मॅपमध्ये ‘पंप बंद झाला’ असं नीट आलं, दुसऱ्यात ‘मोटर बंद झाला’. ‘-चं झाकण’ जोडलं तर ‘पंपाचं’ऐवजी ‘पंपचं’. लिंग आणि सामान्यरूप शब्दाबरोबर बदलतं, उरलेलं वाक्य मात्र तिथेच गोठलेलं असतं. म्हणून मी कीरेफ फक्त मॉडेल क्रमांकासाठी ठेवते. बाकी ठिकाणी कॉनरेफने (दुसरीकडे लिहिलेला मजकूर तसाच इथे आणायची सोय) अख्खी पायरी, अख्खी सूचना आणते. सुट्टा शब्द कधीच नाही.

टॉपिक झाला की एकटाच छापते आणि ते मॅन्युअल न पाहिलेल्या सहकारी मैत्रिणीला वाचायला देते. ती जिथे “हे म्हणजे कोणतं?” असं विचारते, तिथे मी पेन्सिलने गोल करते.