बॅटरीचा लाल दिवा आणि झिजलेला कार्बन ब्रश

रात्री गाडी चालवताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागला. रेस दिली की विझायचा, पाय काढला की पुन्हा लागायचा. ज्याला विचारलं तो म्हणाला, बॅटरी गेली. मी नवी घेणारच होतो, पण आधी मल्टिमीटर लावला ते बरं झालं.

इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट. सुरू केल्यावर 14 च्या आसपास दिसायला हवे होते, दिसले 12.2. हेडलाइट लावले तर त्याहून खाली. म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, इंजिनवरच्या बेल्टने फिरतो. तो बेल्ट बघितला, घट्ट होता.

मग अल्टरनेटर उतरवला. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायचीच, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. मागचं झाकण काढून रेग्युलेटर सोडवला, तर त्याच्या दोन कार्बन ब्रशांपैकी एक पार झिजलेला. स्प्रिंग त्याला ढकलत होती, पण तो स्लिप रिंगला, म्हणजे आतल्या फिरत्या शाफ्टवरच्या धातूच्या कडीला, धड टेकतच नव्हता.

तोवर मला वाटायचं की आत कायमचा चुंबक असतो. तसं नाही. रोटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, तारेची कॉइल असते आणि ब्रशांमधून तिला तीन-चार अँपिअर मिळाले तरच रोटर चुंबक होतो. तो फिरला की भोवतीच्या न फिरणाऱ्या स्टेटरच्या तीन वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेढ्यांमध्ये) एसी तयार होते, डायोड तिची डीसी करतात. इंजिन हळू चालो की जोरात, व्होल्टेज वाढलं की रेग्युलेटर रोटरचा करंट तोडतो, घटलं की जोडतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. एवढ्याशा करंटच्या लगामावर साठ-सत्तर अँपिअर चालतात, हे मला फार आवडलं.

दोन्ही स्लिप रिंगमध्ये मीटरने सुमारे 3 ओहम दाखवले, रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र जोडच दाखवला नाही, म्हणजे करंट कुठे गळत नव्हता. रोटर शाबूत होता. रिंगा बारीक पॉलिश पेपरने पुसल्या, ब्रशसकट नवा रेग्युलेटर बसवला.

सुरू केल्यावर 14.2. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावलं. आकडा 13.9 वर उतरला आणि तिथेच थांबला. दिवा विझलेलाच होता, तरी मी मीटर आणखी दहा मिनिटं तसाच ठेवला.