कसर परवडली

गेल्या पावसाळ्यात दादरच्या आमच्या घरात माळ्याच्या भिंतीला ओल आली, म्हणून आजोबांची ट्रंक खाली काढली. आत लाल बासनात बांधलेली, बोरूने लिहिलेली एक पोथी, सोबत वेखंडाचे तुकडे. आणि १९४३ सालच्या एका मासिकाचं बाड. पोथी कितीतरी जुनी, पण तिची पानं खुशाल उलटा. मासिकाचं पान मात्र हात लागताच पापडासारखं मोडलं.

शेजाऱ्यांची मुलगी जुने कागद दुरुस्त करते. ती म्हणाली, पोथीचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हातानं केलेला. मासिकाचा लाकडाच्या लगद्याचा, शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू आतूनच तुटत जातात. मुंबईची दमट हवा त्याला हातभार लावते.

मग तिनं पुढचं पान उलटलं आणि थांबली.

"काका, हा सेलोटेप कुणी लावला?"

"मीच. अठ्ठ्याऐंशी साली."

"त्यापेक्षा कसर परवडली!"

कसर ही कागद खाणारी कीड, भोक पाडून पुढे जाते. टेपचा गोंद मात्र कागदात मुरतो, पिवळा पडतो; प्लॅस्टिक गळून पडलं तरी डाग तिथेच. माझ्या टेपखालच्या चार ओळी आता वाचताच येत नाहीत. पोथ्या नकलून घेणारे शेवटी लिहीत, मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्यातला चौथा मी.

तिची रीत वेगळी. तुतीच्या जातीच्या झाडाचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. म्हणजे कुरडयांचा चीकच की! पण घरचा आंबतो, म्हणून तिनं स्वतःची पूड आणली आणि आमच्याच गॅसवर शिजवली. ही खळ पाणी लावलं की सुटते. उद्या कुणाला याहून बरं जमलं तर त्यानं खुशाल काढावी. आम्लावर चुन्याची निवळी चालते म्हणे, पण आधी शाई फुटते का ते पाहावं लागतं. ते घरी करू नका, असं तिनं मला दोनदा बजावलं. दोनदा का, ते कळलं.

ट्रंक आता आतल्या भिंतीशी, विटांवर. उरलेली खळ फ्रिजमध्ये आहे. डब्यावर बायकोनं चिठ्ठी लावली आहे: "खायचं नाही." सेलोटेपनंच.