सत्तावीस सेकंद

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी बसून मी एका वित्तसंस्थेच्या मेनफ्रेमवरील (मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावरील) डीबी2 डेटाबेसचे काम पाहते. यंत्र अर्थातच दुसऱ्या शहरात आहे. गेल्या वर्षी आमच्या गटातील एका तरुण ऑपरेटरवर गंभीर आरोप झाला. वरिष्ठांनी रात्री 11 वाजून 40 मिनिटे 12 सेकंदांनी "जॉब (म्हणजे यंत्राला नेमून दिलेले काम) थांबवा" अशा अर्थाचा संदेश पाठवला, तरीही त्याने नोंदी पुसणारा जॉब पूर्ण होऊ दिला, असे पहिल्या चौकशीचे म्हणणे होते. डेटाबेसच्या लॉगमधील, म्हणजे प्रत्येक बदलाची आपोआप नोंद ठेवणाऱ्या वहीतील, टाइमस्टॅम्प (वेळेचे शिक्के) तपासून अंतिम अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले.

लॉग रेकॉर्डच्या शीर्षभागात वेळ आपल्या ओळखीच्या रूपात नसते. तिथे यंत्राच्या घड्याळाचे सहा बाइट असतात. ही मोजणी 1 जानेवारी 1900 च्या मध्यरात्रीपासून सुरू होते आणि या सहा बाइटांतील सर्वांत लहान पायरी 16 मायक्रोसेकंदांची असते, म्हणून त्या संख्येला 16 ने गुणले की 1900 पासून लोटलेले मायक्रोसेकंद मिळतात. (नव्या दहा बाइटांच्या रूपात आधी एक आणि शेवटी तीन बाइट वाढतात, मधले सहा तेच.) षोडशमान पद्धतीतील (0 ते 9 आणि पुढे ए ते एफ अशा सोळा अंकांच्या) पहिला अंक "ई" असला तर नोंद नोव्हेंबर 2024 च्या मध्यानंतरची, ही माझी पहिली पडताळणी असते, कारण बाइट एका घराने सरकवून वाचण्याची चूक तिथेच उघडी पडते.

कमिटच्या, म्हणजे जॉबने केलेले बदल कायम झाल्याच्या, रेकॉर्डची वेळ निघाली 18:10:23. पहिल्या चौकशीच्या मसुद्यात ती संध्याकाळचे सहा म्हणून धरली होती, आणि त्या वेळी तर हा मुलगा कामावरही आला नव्हता. हे घड्याळ जागतिक वेळेवर चालते, त्यामुळे साडेपाच तास मिळवायचे, हे सर्वांना लगेच पटले; पण मिळवल्यावर 23:40:23 आले. संदेशानंतर अकरा सेकंद. आरोप अधिकच पक्का झाला.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेगळ्या लॉगमध्ये तोच जॉब संपल्याचा संदेश 23:39:58 चा होता. जॉब संपल्यावर पंचवीस सेकंदांनी त्याचे कमिट होणे शक्य नाही. त्याच रात्रीचे आणखी काही जॉब काढून ताडून पाहिले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी डेटाबेसचा लॉग सिस्टीमच्या संदेशांपेक्षा पंचवीस-सव्वीस सेकंद पुढे निघाला. सत्तावीसच्या वर एकही नाही.

सत्तावीस हा आकडा मला ओळखीचा होता. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी 1972 पासून जागतिक वेळेत 27 लीप सेकंद घालण्यात आले, त्यांतील शेवटचा 2016 च्या अखेरीस. काही मेनफ्रेमवर मूळ घड्याळात हे सेकंद वजा केलेले नसतात. ऑपरेटिंग सिस्टीम ते अंतर वेगळे जपते आणि संदेशावर वेळ छापताना वजा करते. डेटाबेस मात्र घड्याळाचे कच्चे मूल्यच नोंदवतो, आणि आमचे वाचन त्याच मूल्यावर झाले होते. मी सिस्टीम प्रोग्रामरना फोन करून ते अंतर पाहायला सांगितले. त्यांनी 27 असेच कळवले. संदेश ज्या सर्व्हरवरून गेला त्याचे घड्याळही तपासून घेतले. ते जागतिक वेळेशी जुळलेले होते, आणि याची खात्री केल्याशिवाय दोन यंत्रांच्या सेकंदांची तुलना करायला मी तयार नव्हते.

म्हणजे कमिटची खरी वेळ 23:39:56, संदेशाच्या सोळा सेकंद आधी. एका माणसाची नोकरी ज्यावर अवलंबून आहे, तो आकडा दोनदा चुकीचा वाचला गेला होता याचे मला फार वाईट वाटले, म्हणून अहवालात प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या घड्याळाची आणि तिच्यात काय मिळवले वा वजा केले, हे लिहिले.

संध्याकाळी त्याला फोन केला, तेव्हा तो रंकाळ्यावर बसला होता. "मॅडम, म्हणजे मी सांगितलेलं ऐकलं न्हाई, असं आता कुणी म्हणणार न्हाई न्हवं?" त्याने विचारले. "तुला थांबायला सांगण्याआधीच काम झालं होतं," मी म्हणाले. बराच वेळ तो काहीच बोलला नाही.