पडल्यानंतरची डावी वळणे

मोटारसायकलवरून पडल्यानंतर गाडी पुन्हा नियमित चालू लागली आहे, एवढे आधी नोंदवून ठेवते. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर ते अंजनगाव या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जाताना आता तळहाताला घाम सुटत नाही आणि मागून ट्रॅक्टरने हॉर्न दिला तरी दचकायला होत नाही. अडचण उरली आहे ती माणसाच्या चालीने घ्यायच्या डाव्या वळणाची, आणि पडल्यानंतरची बहुतेक सगळी मेहनत त्या एका वळणावरच खर्च झाली आहे. नव्याने गाडी शिकणाऱ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या चाळिशी ओलांडल्यावर हँडल हाती घेणाऱ्यांना, त्यातले काही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पडण्याची घटना किरकोळ होती. पोळ्याच्या सुमारास, रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडीप मिळाली असताना मी डांबरी रस्त्यावरून आमच्या शेताच्या पांदणीत डावीकडे उतरत होते. डांबर जिथे संपते तिथे चार बोटांची पायरी आहे आणि तिच्याखाली थेट काळी माती. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, हँडल डावीकडे वळलेले, आणि समोरून पांदणीतून बंडी, म्हणजे बैलगाडी, येताना दिसली म्हणून ब्रेक. गाडी जागच्या जागी डाव्या अंगावर बसली. गुडघा खरचटला, मनगट थोडे दिवस सुजून राहिले. हेल्मेट जमिनीला लागले नाही, म्हणून तेच वापरते आहे. लागले असते तर ते बदलावेच लागले असते, कारण आतला थर्माकोलचा थर एकदा दबला की दुसऱ्या वेळी तो धक्का झेलत नाही आणि वरून पाहून ते कळतही नाही.

गावात याची दोन कारणे सांगितली गेली: चिखल, आणि बाईमाणसाला न झेपणारे गाडीचे वजन. दुसऱ्या कारणाबद्दल एवढेच म्हणते की शंभर सीसीची, साधारण एकशे दहा किलोची गाडी एकदा पुरेशी कलली की पुरुषालाही एका पायावर तोलून धरता येत नाही. चिखलाचे कारण मात्र मला बरेच दिवस पटत होते, कारण खारपाणपट्ट्यातली आमची माती ओली झाली की मडगार्डात लिंपल्यासारखी भरते आणि चाक फिरेनासे होते. पण त्या दिवशी मागचे चाक अजून डांबरावर होते आणि पुढचे चाक घसरल्याची खूणही मातीत नव्हती. खरे कारण ब्रेक आणि वळलेले हँडल यांच्या जोडीत होते, आणि ते समजले तेव्हाच मनातली अर्धी भीती गेली.

वेग वीस-पंचवीसच्या पुढे गेला की गाडी बऱ्याच अंशी स्वतःच सरळ राहू पाहते. चालीच्या वेगाला ती मदत जवळजवळ मिळत नाही आणि तोल सर्वस्वी चालवणाऱ्याच्या हाती असतो. अशा वेळी हँडल वळलेले असताना पुढचे चाक अडवले, तर गाडीचे वजन पुढे येते, हँडल आणखी आतल्या बाजूला ओढले जाते आणि गाडी त्याच अंगाला झुकते. क्लच दाबलेला असल्यामुळे तिला सावरायला इंजिनाचा जोरही नसतो. आता कोणी म्हणेल की मग पायाचा ब्रेक वापरावा, आणि मी तोच वापरला होता. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. माझ्या गाडीला जोड-ब्रेक आहे, म्हणजे पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. सरळ रस्त्यावर ही सोय फार चांगली, कारण घाबरलेला माणूस पायच आधी मारतो. पण हँडल वळवून पांदणीत उतरताना जोरात पाय मारला तर पुढचे चाक अडणारच. त्यामुळे मी आता नियम असा ठेवला आहे की ब्रेकचे काम हँडल सरळ असतानाच उरकायचे, आणि वळणात शिरल्यावर पाय पेडलवर फक्त टेकलेला राहू द्यायचा.

गाडी उचलण्याचे तंत्र मला तोपर्यंत कोणीही शिकवले नव्हते. शिकवणारे गिअर, क्लच, ब्रेक शिकवतात आणि गाडी पडणारच नाही असे धरून चालतात. किल्ली बंद करावी, गाडी गिअरमध्ये असू द्यावी म्हणजे ती पळत नाही, हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवावे, मग सीटकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने खालच्या बाजूची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरून पायांच्या जोरावर मागे चालत जावे. कंबर वाकवून पुढून ओढायला गेले तर गाडी तर उठत नाहीच, वर पाठ धरते. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाते. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत आडवी पडताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, म्हणून उभी केल्यावर किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवावी लागते. हे माहीत नसल्याने बंडीवाले मामा आणि मी बराच वेळ किका मारत बसलो होतो.

नुकसान म्हणजे डाव्या आरशाची काच आणि क्लच लिव्हरच्या टोकाची गोळी. लिव्हरच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते, तिथूनच तुकडा पडला. पुष्कळ लिव्हरांना ती मुद्दाम दिलेली असते, म्हणजे टोक गेले तरी धरायला चार बोटांची जागा राहते आणि माणूस घरी पोहोचतो. लेगगार्डने बाकीचा मार स्वतःवर घेतला. त्याच्या आणि फूटरेस्टच्या बेचक्यात दाबून बसलेली माती वाळून इतकी घट्ट झाली होती की ती पान्ह्याने खरवडावी लागली.

मला खरा धसका बसला होता तो हँडल वाकडे झाल्याचा, कारण चाक सरळ ठेवले की हँडल उजवीकडे पाहत होते. मेकॅनिकने गाडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "ताई, हांडल नाई वाकलं, टी फिरली फक्त." त्याने टीचे, म्हणजे पुढचे दोन्ही शॉक-अप हँडलशी जोडणाऱ्या पट्टीचे, नट थोडे सैल केले, पुढे उकिडवे बसून चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट आवळले आणि हँडल दोन्ही हातांनी धरून एक झटका दिला. मग उठून सीटच्या मागे गेला, एक डोळा मिटून मूठ, मीटर आणि मडगार्ड एका रेषेत येतात का ते पाहिले, परत येऊन अर्ध्या बोटाचा झटका आणखी दिला आणि नट आवळले. नवी लिव्हर बसवताना त्याने टोकाशी साधारण एक ते दीड सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली. माझ्या मते या दुरुस्तीचा सर्वांत मोठा लाभ हाच झाला: पूर्वी क्लच अगदी शेवटी धरायचा आणि हात लहान असल्यामुळे तिथे बोटांचा ताबाच राहत नसे, आता तो मधेच धरतो.

सरावाला बाजार समितीच्या यार्डाचा सिमेंटचा ओटा मिळाला, कापसाच्या गाड्या नसतील त्या वेळी. आधी काहीच करायचे नव्हते: पहिला गिअर, अॅक्सिलरेटरला हातही न लावता क्लच इतकाच सोडायचा की गाडी पुढे रेलेल, आणि पुन्हा दाबायचा. याला आमच्याकडे हाफ क्लच म्हणतात. चढावर गाडी तशीच धरून ठेवू नये, क्लचप्लेटा जळतात, हे खरे. पण शिकताना त्याची भीती घालणे मला चुकीचे वाटते, कारण हळू वळण्याची सगळी कला त्या अर्ध्या बोटाच्या अंतरात आहे. मग विटा मांडून डावे वळण. पुतण्या सोबत असे. तो एकच गोष्ट ओरडत राही, "काकू, इटीकडे नोको पाहू, समोर पाह्य!" विटेकडे पाहिले की चाक विटेवरच जाई, आणि मान वळवून पुढच्या कोपऱ्याकडे पाहिले की गाडी आपोआप फिरे. हे सांगून कोणालाही पटत नाही. मलाही पटले नव्हते. "घाबरू नोको" हा सल्ला मात्र मला सगळ्यांनी दिला आणि त्याचा शून्य उपयोग झाला.

उजवी वळणे लवकर सुधारली. डावीकडे अजूनही खांदा आखडतो आणि डावा पाय जमिनीकडे धाव घेतो. पाय खाली सोडून वळण्याची सवय मोडावी म्हणून सध्या गुडघे टाकीला टेकवून ठेवते.

अंजनगावकडे जाताना बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ भेटतात; मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटांची नॅरोगेज लाइन. जिथे रूळ रस्त्याला तिरके कापतात तिथे चाक रुळाच्या फटीत शिरू नये म्हणून आधी रस्त्यातच थोडे बाहेर सरकून ते शक्य तितके काटकोनात ओलांडावे लागतात, आणि ओलांडताना ना ब्रेक, ना जोर. पावसात रूळ तेलकट होतात. पडण्यापूर्वी मी ते बेफिकीरपणे तिरके ओलांडत असे आणि काही होत नसे, ही गोष्ट आता आठवली की नवल वाटते.

सोयाबीन निघाल्यापासून दुसरी एक पंचाईत आहे. अर्धा रस्ता वाळवणाने आणि ताडपत्र्यांनी भरलेला असतो, आणि पसरलेल्या दाण्यांवर टायर गोट्यांवर गेल्यासारखा सुटतो. त्यावरून जायची वेळ आलीच तर हँडल सरळ, क्लच सुटलेला आणि वेग आधीच कमी. वाळवण घालणाऱ्यांना बोलण्यात अर्थ नाही. गावाजवळ खळ्यांना जागा उरलेली नाही आणि पुढच्या पावसाचा भरवसा कोणालाच नाही.

लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते, तेव्हा आरटीओच्या येत्या कॅम्पला आठचा आकडा काढून दाखवावा लागणार आहे. त्यात एक वळण डावे आहेच. यार्डात तो पाय न टेकता निघतो, बघे जमले की टेकतो. म्हणून पुतण्याला आता त्याचे मित्र घेऊन यायला सांगितले आहे. चिखलदऱ्याला, परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे, जायचा बेत हिवाळ्यावर ठेवला आहे. त्याआधी चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणे शिकायचे आहे, आणि दर्यापूरच्या सपाटीत त्यासाठी चढ म्हणून नदीच्या पुलाचा उतारच काय तो सापडतो.